ओकोंक्वो कशामुळे बुडाला : स्वभावामुळे की इंग्रजांमुळे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम. ए.च्या पेपरसाठी तुम्ही नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' वाचलीत. बाजारातल्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की ओकोंक्वो हा अ‍ॅरिस्टॉटलच्या व्याख्येतला शोकात्म नायक आहे आणि स्वतःच्या स्वभावदोषामुळे तो नाश पावतो. वर्गात मात्र तो वसाहतवादाचा बळी आहे असं सांगितलं गेलं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, आणि 'अ‍ॅरो ऑफ गॉड' या अचेबेंच्याच दुसऱ्या कादंबरीतल्या एझेउलू या पुजाऱ्यालाही हेच लागू होतं का, असं तुम्ही विचारलंत.

ही कादंबरी मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि दर वर्षी वर्ग याच दोन गटांत विभागला जातो. माझ्या मते खरी अडचण दोन उत्तरांपैकी एक निवडण्याची नाही. कादंबरीची एकूण २५ प्रकरणं तीन भागांत विभागलेली आहेत आणि त्यातली पहिली १३ प्रकरणं, म्हणजे अर्ध्याहून जास्त मजकूर, गोऱ्या माणसाशिवायच घडतो. त्यामुळे वाचणाऱ्याला आपोआप असं वाटतं की आधी एका रागीट माणसाची गोष्ट होती आणि नंतर तिच्यात इतिहास शिरला. मार्गदर्शिका पहिला अर्धा भाग धरते, वर्गातलं उत्तर शेवटचा धरतं. प्रश्न असा विचारायला हवा : या दोन भागांना जोडणारं काय आहे? ते सापडलं की बाकीचं बरंचसं सुटतं.

आधी एक सांगते. तुमचा पेपर नेमका कोणता, यावर उत्तराचा भर बदलेल. शोकात्मिकेच्या सिद्धांतावरचा पेपर असेल तर प्रमाद (म्हणजे नायकाची घातक चूक), उच्च स्थान, सत्याची ओळख या गोष्टी नावानिशी याव्या लागतील. वसाहतोत्तर साहित्याचा पेपर असेल तर कमिशनरच्या, म्हणजे इंग्रज जिल्हाधिकाऱ्याच्या, शेवटच्या परिच्छेदाला जास्त जागा द्यावी लागेल. पण दोन्हीकडे पुरावा तोच वापरता येतो, म्हणून मी पुराव्यापासूनच सुरुवात करते.

चौथं प्रकरण उघडा. शांतता-सप्ताह चालू आहे. पेरणीच्या आधीच्या या आठवड्यात गावात कुणी कुणाशी कठोर शब्दसुद्धा बोलायचा नसतो. ओकोंक्वोची सगळ्यात धाकटी बायको ओजिउगो वेणी घालायला मैत्रिणीकडे गेली आणि वेळेत स्वयंपाकाला परतली नाही, म्हणून तो तिला मारतो. भूमिदेवतेचा पुजारी घरी येतो, पाहुणचाराचं कोलाफळ खायला नकार देतो आणि दंड सांगतो : एक शेळी, एक कोंबडी, कापडाचा एक तुकडा आणि शंभर कवड्या. ओकोंक्वो तो भरतो. गोष्ट तिथेच मिटते. याच प्रसंगात गावातला सर्वांत वयोवृद्ध माणूस एझेउदू पाहुण्यांना सांगतो की पूर्वी शांतता मोडणाऱ्याला जमिनीवरून मरेपर्यंत फरफटत नेत असत, पण ज्या शांततेसाठी हा नियम होता तीच त्यामुळे बिघडायची, म्हणून ती रीत बंद झाली. ही दोन वाक्यं विद्यार्थी नेहमी ओलांडून जातात. मला ती फार महत्त्वाची वाटतात. गोरा माणूस यायच्या आधीच हा समाज स्वतःच्या रीती तपासत होता आणि बदलत होता. 'स्थिर, पारंपरिक समाजावर बाहेरून बदल आला' हे वाक्य तुमच्या उत्तरात येत असेल तर ते काढून टाका. कादंबरीच त्याला आधार देत नाही.

आता तेरावं प्रकरण. त्याच एझेउदूच्या अंत्यविधीत ओकोंक्वोची बंदूक फुटते आणि मृताचा सोळा वर्षांचा मुलगा ठार होतो. जातभाईचा जीव घेणं हा भूमिदेवतेचा अपराध आहे, पण तो नकळत घडला, म्हणून शिक्षा सात वर्षं हद्दपारीची. रात्रीतून कुटुंब आईच्या गावी, म्हणजे म्बांटाला, निघून जातं. पहाटे एझेउदूच्या वस्तीतले पुरुष युद्धाच्या वेशात येतात, घर जाळतात, लाल भिंती पाडतात, जनावरं मारतात. त्यांच्यात ओकोंक्वोचा जिवलग मित्र ओबिएरिकाही असतो. त्यांच्या मनात द्वेष नाही, असं निवेदक मुद्दाम सांगतो. ते फक्त जमीन शुद्ध करत आहेत. आणि ओकोंक्वोचे याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचे कंद, त्याच ओबिएरिकाच्या कोठारात आदल्या रात्री सुरक्षित ठेवलेले आहेत. पुढे तो ते विकून पैसे म्बांटाला नेऊन पोचवतो. शिक्षा कठोर आहे, पण तिला मुदत आहे आणि परतीची वाट आहे. त्या वाटेवर मित्र उभा आहे.

दहावं प्रकरणही याच्याच शेजारी ठेवा. बायकोला मारणाऱ्या उझोवुलूचा खटला मुखवटे धारण केलेल्या पूर्वजांपुढे, एग्वुग्वूंपुढे, चालतो. निकाल काय, तर ताडीचा घडा घेऊन सासरी जा आणि बायकोला परत चल म्हणून विनव. ताडीच्या घड्यावर मारझोड मिटवणारा हा न्याय आज आपल्याला अपुरा वाटतो, आणि वाटलाच पाहिजे. पण त्याचा हेतू बघा : भांडण संपल्यावर दोन्ही घरांना एकाच गावात राहायचं आहे, हे धरून तो दिलेला आहे.

मग विसावं प्रकरण. सात वर्षांनी ओकोंक्वो परततो आणि ओबिएरिका त्याला अनेटोची हकीगत सांगतो. जमिनीच्या वादात अनेटोच्या हातून एक माणूस जबर जखमी झाला. तो लगेच मेला नाही. तो वाचणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून अनेटोने रीतीप्रमाणे सामान बांधलं होतं. भूमिदेवतेच्या कोपापासून दूर, दुसऱ्या गावी पळून जाणार होता. म्हणजे ओकोंक्वो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने. पण ख्रिस्ती झालेल्यांनी ही गोष्ट गोऱ्या साहेबाला सांगितली. कोर्टाचे शिपाई आले, अनेटोला त्याच्या भाऊबंदांच्या मुखियांसह धरून नेलं आणि जखमी माणूस मेल्यावर उमुरूला नेऊन फाशी दिलं. जमिनीचा वाद तर ज्या घराण्याने शिपायांना आणि दुभाष्याला पैसे चारले त्यांच्या बाजूने लागला. या जमिनीबाबत आपली रीत काय आहे हे गोऱ्या माणसाला समजतं का, असं ओकोंक्वो विचारतो. ज्याला आपली भाषाच येत नाही त्याला ते कसं समजेल, हे ओबिएरिकाचं उत्तर.

दोन भागांना जोडणारी गोष्ट मला इथे दिसते. पहिल्या भागात माणूस चुकतो तेव्हा त्याच्यासाठी दंड आहे, प्रायश्चित्त आहे, मुदत आहे, परतणं आहे. तिसऱ्या भागात तसाच माणूस तशीच चूक करतो तेव्हा त्याच्यासाठी फास आहे. ओकोंक्वोचा स्वभाव दोन्हीकडे तोच आहे. पहिल्या भागात त्याच्या रागाची किंमत शेळी आणि कोंबडी होती. शेवटच्या भागात तोच राग शिपायाचं डोकं उडवतो आणि परतीची कुठलीच वाट उरत नाही. स्वभावदोषाला प्राणघातक बनवणारी जी परिस्थिती, ती वसाहतीची. म्हणून 'स्वभाव की इंग्रज' असं विचारलं की दोन्ही उत्तरं अर्धी पडतात.

इथे एक सावधगिरी हवी, नाहीतर उत्तर भाबडं होतं. जुन्या व्यवस्थेतली भरपाई सगळ्यांसाठी नव्हती. इकेमेफुना हा मुलगा ओकोंक्वोच्या गावात, उमुओफियात, का आला ते आठवा. म्बाइनो या दुसऱ्या गावच्या लोकांनी उमुओफियाच्या एका स्त्रीला मारलं. युद्ध टाळायचं म्हणून म्बाइनोने भरपाई दिली : एक कुमारिका आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा. त्या मुलाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. तीन वर्षं तो ओकोंक्वोच्या घरी वाढला, त्याला बाबा म्हणू लागला, आणि मग दैवी कौलानुसार त्याला मारायचं ठरलं. हा मुलगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मरणात हात घालू नकोस, असं एझेउदूने ओकोंक्वोला बजावलं होतं. ओबिएरिका तर गेलाच नाही. आपण दुबळे ठरू या भीतीने ओकोंक्वोने स्वतः कोयता चालवला. म्हणजे समाजाने युद्ध टाळून शांतता मिळवली, तिची किंमत एका निरपराध पोराने दिली.

जुळी मुलं जंगलात टाकली जात. देवाला वाहिलेले ओसू लोक केस न कापता, वेगळ्या वस्तीत, लग्नसंबंधांच्या बाहेर राहत. त्यांनी कुठला अपराध केला नव्हता, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रायश्चित्तही नव्हतं. ज्याचा गुन्हाच नाही त्याला सुटका कशी मिळणार? म्बांटात चर्च उभं राहतं तेव्हा सुरुवातीलाच आत जाणाऱ्यांत असतात हेच लोक : चार वेळा जुळी टाकायला लागलेली गरोदर न्नेका, मागोमाग ओसू. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा भाग फारसा समजावून द्यावा लागत नाही. जातीने बाहेर ठेवलेली माणसं नव्या धर्माच्या दारापाशी का जातात, हे आपल्या इतिहासात आपण पाहिलेलं आहे. फक्त ओसू म्हणजे आपल्याकडची अस्पृश्य जात असं सरळ समीकरण मांडू नका. ओसूपणाचं मूळ एखाद्या विशिष्ट देवतेला माणूस वाहण्यात आहे, व्यवसायात नाही. पूर्व नायजेरियात कायद्याने ही प्रथा १९५६ मध्ये रद्द झाली. लोकांच्या मनातून जायला तेवढं पुरलं नाही.

ओकोंक्वोचा थोरला मुलगा न्वोये मिशनऱ्यांकडे जातो तेव्हा त्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचं तत्त्वज्ञान कळत नाही. मिशनऱ्यांचं गाणं त्याच्या मनात दोन प्रश्नांपाशी पोचतं : जंगलात रडणारी जुळी आणि मारला गेलेला इकेमेफुना. बापाने ज्या दिवशी कोयता चालवला त्या दिवशीच मुलगा मनाने घराबाहेर पडला होता. चर्चने त्याला फक्त जायला जागा दिली. तुमच्या उत्तरात 'ख्रिस्ती धर्माने कुटुंब फोडलं' असं येणार असेल तर हा क्रम नक्की दाखवा. फट आधीची आहे, पाचर नंतरची.

इथवरचं थोडक्यात : उमुओफियाकडे चूक पचवण्याची ताकद होती आणि स्वतःला बदलण्याचीही होती, पण ती आतल्यांपुरती. बाहेर ठेवलेल्यांना चर्चने आत घेतलं. त्याच वेळी कोर्टाने आतल्यांची प्रायश्चित्ताची वाट बंद केली. ओकोंक्वो या दोन्हींच्या मधे सापडला, आणि त्याला यातलं काही बघायचंच नव्हतं.

का बघायचं नव्हतं? यासाठी त्याचा बाप उनोका बघा. बाप बासरी वाजवायचा, कर्ज काढून ताडी प्यायचा, समाजातली एकही मानाची पदवी न मिळवता मेला. पोट सुजण्याच्या अमंगळ रोगामुळे त्याला पुरायलाही न मिळता दुष्ट अरण्यात सोडलं गेलं. बापाला जे जे आवडलं त्याचा द्वेष करायचा, असं मुलाने ठरवलं : आळस, आणि त्याबरोबर हळुवारपणाही. म्हणून समाजाचा अर्धा वारसा त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. म्बांटात मामा उचेंदू त्याला विचारतो की आपण मुलींना 'न्नेका', आई सर्वश्रेष्ठ, असं नाव का ठेवतो. ओकोंक्वोला उत्तर येत नाही. बापाच्या गावी सगळं नीट असतं तेव्हा माणूस बापाचा असतो, पण दुःखात त्याला आईच्या मातीत आसरा मिळतो, असं म्हातारा सांगतो. ओकोंक्वोने सात वर्षं त्या आसऱ्यात काढली आणि त्याला ती वाया गेलेली वर्षं वाटली. कादंबरी त्याच्या दोषाबद्दल इतकं नेमकं बोलते. 'रागीट', 'अहंकारी' असे शब्द लिहून थांबू नका. त्याच्या समाजाने जपलेला समतोल, बळ आणि मार्दव यांचा, त्याने अर्ध्यावर कापून घेतला होता.

अ‍ॅरिस्टॉटलबद्दल. ओकोंक्वो राजा नाही, आणि त्याच्या इग्बो समाजात राजा हा प्रश्नही बहुतेक ठिकाणी लागू होत नाही. नरी, ओनित्शा अशी काही ठिकाणं वगळली तर सत्ता ज्येष्ठांमध्ये, वयोगटांमध्ये, पदवीधारकांमध्ये, मुखवट्यांच्या संस्थेत आणि स्त्रियांच्या सभांमध्ये वाटलेली होती. एकट्याने उंच उभं राहणं शक्य होतं, पण एकट्याने राज्य करणं शक्य नव्हतं. म्हणून इथे नायकाचं पतन सिंहासनावरून होत नाही. तो आपल्या लोकांपासून तुटतो, हेच पतन. शेवटच्या प्रकरणाआधी सभा भरते, शिपाई ती बंद करायचा हुकूम घेऊन येतात, ओकोंक्वो मुख्य शिपायाला मारतो आणि बाकीच्यांना गर्दी निसटू देते. त्या क्षणी त्याला कळतं की उमुओफिया लढणार नाही. शोकात्मिकेत जी सत्याची ओळख यावी लागते ती ही आहे, पण ती त्याला समाजाबद्दल होते, स्वतःबद्दल होत नाही. स्वतःबद्दलचं शहाणपण ओबिएरिकाच्या वाट्याला आलेलं आहे. हद्दपारीच्या रात्रीनंतर बसून तोच विचार करतो की नकळत झालेल्या चुकीसाठी एवढी शिक्षा का, आणि आपण टाकून दिलेल्या जुळ्यांनी काय केलं होतं. अचेबेंनी करणारा आणि विचार करणारा अशी दोन माणसं केली. ग्रीक नाटकात एकाच माणसात असतं ते इथे मैत्रीत वाटलं गेलं, असं मी वर्गात सांगते. मार्गदर्शिकेत ते नसेल, पण परीक्षक वाचतील.

उमुओफिया का लढली नाही, हेही लिहा. 'भेदरले' एवढं पुरेसं नाही. एक तर अबामे या गावाची बातमी. लोखंडी घोड्यावरून, म्हणजे सायकलवरून, आलेल्या गोऱ्याला तिथल्यांनी मारलं आणि नंतर भर बाजारात वेढा घालून गाव संपवलं गेलं. यामागे इतिहास आहे : १९०५ मध्ये अहियारा भागात डॉ. स्ट्युअर्ट हा इंग्रज सायकलवरून जाताना मारला गेला आणि त्याचा सूड म्हणून लष्करी मोहीम काढण्यात आली. त्याआधी १९०१–०२ च्या मोहिमेत इंग्रजांनी अरोचुक्वूचं प्रसिद्ध कौलस्थान उद्ध्वस्त केलं होतं. दुसरं कारण व्यापाराचं. गोऱ्याने दुकान आणलं आणि ताडाचं तेल व बिया यांना पहिल्यांदाच मोठी किंमत आली, गावात पैसा खेळू लागला, असं एकविसाव्या प्रकरणात साफ म्हटलंय. तिसरं, आपलेच भाऊ आणि मुलगे आता चर्चमध्ये आणि कोर्टात होते. लढायचं तर आधी त्यांच्याशी लढावं लागलं असतं. ओकोंक्वोला यात फक्त भेकडपणा दिसला. वाचकाला जास्त दिसायला हवं.

आणि कोर्टाची रीत शेवटपर्यंत तीच राहिली हे बघा. चर्च जाळल्याबद्दल सहा मुखियांना बोलणीसाठी म्हणून बोलावून बेड्या घातल्या गेल्या. कमिशनरने दोनशे पोती कवड्या दंड सांगितला. शिपायांनी गावात अडीचशे सांगितला. त्या मधल्या पन्नास पोत्यांमध्ये नव्या राज्याचं सगळं कामकाज दिसतं. वर बसलेला माणूस कायद्याची भाषा बोलतो, मधला माणूस आपला वाटा काढतो, खालच्यांना मधलाच सरकार म्हणून दिसतो.

आता एझेउलू. 'अ‍ॅरो ऑफ गॉड' १९६४ मधली, आणि मला ती दोहोंत जास्त खोल वाटते. काळ १९२० नंतरचा. इंग्रजांना आता लढायचं नाही, चालवायचं आहे. ज्या समाजात राजे नव्हते तिथे त्यांनी कागदावर नेमलेले मुखिये, वॉरंट चीफ, बसवले. उमुआरो गावचा मुख्य पुजारी एझेउलू शहाणा आहे, ओकोंक्वोसारखा बहिरा नाही. शेजारच्या ओक्पेरी गावाशी झालेल्या जमिनीच्या भांडणात त्याने आपल्याच लोकांविरुद्ध खरी साक्ष दिली, आणि नव्या ज्ञानात काय आहे ते बघायला मुलगा चर्चमध्ये धाडला. इंग्रज अधिकारी कॅप्टन विंटरबॉटमला तो म्हणूनच आवडतो आणि त्याला तो मुखिया करायला निघतो. एझेउलू नकार देतो : मी फक्त उलू देवाचा. साहेबाचा अपमान झाला म्हणून त्याला ओक्पेरीत अडकवून ठेवतात.

आता गुंता पाहा. दर अमावास्येनंतर नवा चंद्र दिसला की एक पवित्र याम खायचा आणि ते संपले की नव्या पिकाच्या सणाची तारीख जाहीर करायची, हे त्याचं काम. तो कैदेत असताना चंद्र उगवून गेले आणि याम तसेच राहिले. परतल्यावर तो सण जाहीर करायला नकार देतो. पीक जमिनीत, सणाशिवाय काढता येत नाही, लोक उपाशी. गावातले मोठे लोक येऊन म्हणतात, उरलेले याम खा, पाप असेल तर ते आमच्या डोक्यावर. म्हणजे जुना समाज पुन्हा एकदा परतीची वाट काढून देतो. यावेळी ती नाकारतो तो नायक. त्यात देवाची आज्ञा किती आणि आपल्याला सोडवायला कुणी आलं नाही याचा राग किती, हे अचेबे शेवटपर्यंत सांगत नाहीत. आणि मग चर्चचा धर्मोपदेशक गुडकंट्री जाहीर करतो की पहिलं पीक आमच्या देवाला वाहा, उलूपासून तो तुमचं रक्षण करेल. सुटकेची वाट आता चर्चकडे आहे. एझेउलूचा लाडका मुलगा ओबिका मरतो, तो स्वतः भ्रमिष्ट होतो.

ओकोंक्वोसाठी परतीची वाट कोर्टाने बंद केली. एझेउलूपुढे ती उघडी होती, पण तोपर्यंत तुरुंगाने त्याच्या मनात आपल्या लोकांबद्दल विष कालवलं होतं. तुलना करायची तर हा फरक पकडा. दोन्हीकडे इंग्रज अधिकाऱ्याला आपण काय मोडलं याचा पत्ताही नसतो.

वॉरंट चीफांचं पुढे काय झालं हे एका ओळीत यावं, कारण अचेबेंचे दोन्ही नायक पुरुष आहेत आणि त्यामुळे चित्र एकांगी होऊ शकतं. १९२९ च्या नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये आबा भागात कराच्या भीतीने हजारो स्त्रिया उठल्या. वागणं चुकलेल्या पुरुषाच्या दारात जमून गाणी म्हणत त्याला जेरीला आणायचं, ही स्त्रियांची जुनी रीत त्यांनी वॉरंट चीफांवर वापरली. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मेल्या आणि त्या व्यवस्थेचा सरकारला फेरविचार करावा लागला. उमुओफियाच्या सभेत जे घडलं नाही ते इथे घडलं. फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' (१९६६) आणि बुची एमेचेटा यांची 'द जॉयज ऑफ मदरहूड' (१९७९) याच जगाकडे स्त्रियांच्या बाजूने बघतात. वेळ असेल तर दुसरी नक्की वाचा.

शेवटच्या प्रकरणाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण परीक्षेत तिथेच गुण जातात. बहुतेक उत्तरं कमिशनरवर संपतात : ओकोंक्वोचं आयुष्य त्याच्या पुस्तकात एका परिच्छेदाएवढं उरतं. ते बरोबर आहे. पण त्याआधी ओबिएरिका काय म्हणतो ते वाचा. ओकोंक्वोने गळफास घेतलेला आहे. आत्महत्या हा भूमिदेवतेचा अपराध, म्हणून जातभाई प्रेताला हात लावू शकत नाहीत. तुमच्या माणसांनी त्याला खाली काढावं, आम्ही पैसे देऊ, नंतर आम्ही आमचं कर्तव्य करू आणि जमीन शुद्ध करण्यासाठी बळी देऊ, असं तो साहेबाला सांगतो, आणि मग संतापून म्हणतो की गावातल्या थोर माणसाला तुम्ही मरायला लावलंत. एका दमात दोन्ही : रीत पाळणं आणि आरोप करणं. प्रायश्चित्ताची व्यवस्था त्या दिवशीही जिवंत आहे, फक्त ती ओकोंक्वोपर्यंत पोचू शकत नाही. कमिशनरच्या वहीत यातलं काही येत नाही.

उत्तर लिहिताना चौथं, तेरावं आणि विसावं प्रकरण एकापाठोपाठ ठेवा आणि ओकोंक्वोची हद्दपारी व अनेटोची फाशी यांची तुलना मधोमध आणा. 'नो लाँगर अ‍ॅट ईझ' (१९६०) वाचली असेल तर दोन ओळी तिच्यावरही द्या. तिथे ओकोंक्वोचा नातू ओबी, ज्याला गावच्या संघाने ८०० पौंडांचं कर्ज देऊन इंग्लंडला शिकायला पाठवलं, क्लारा नावाच्या मुलीशी लग्न करू पाहतो. क्लारा ओसू आहे. विरोध करतो तो त्याचा बाप, आता म्हातारा झालेला, ख्रिस्ती नाव घेतलेला आयझॅक. म्हणजे आपला न्वोये.